लग्न मुलीचं, प्रश्न बापाच्या बुटांचा

प्रश्न: वय ५७, राहणार चिपळूण. येत्या फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. सकाळी विधी, संध्याकाळी रिसेप्शन. माझ्याकडे बुटांचे तीन जोड आहेत. काळे चोचदार, बिननाडीचे बूट २०१० मध्ये पुतण्याच्या लग्नाला घेतले होते. जेमतेम पाच-सहा वेळा घातले, खोक्यात नव्यासारखे आहेत. दुसरे माझ्या स्वतःच्या लग्नातले, १९९५ चे, ब्राऊन, नाडीचे. तळ झिजलाय, एका टाचेचा टवका गेलाय, पण चामडं धड वाटतं. तिसरे फिरायला जायचे स्पोर्ट शूज. मुलगा म्हणतो, ‘बाबा, चोचवाले घालून स्टेजवर उभे राहिलात तर फोटोत २०१० साल दिसेल.’ सुटावर पांढरे स्नीकर्स घ्या असा त्याचा आग्रह आहे, तोही तेच घालणार आहे. मला पटत नाही. त्यात माझा पाय रुंद, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं. आठ नंबर चवड्याला चावतो आणि नऊ घेतला तर टाच निसटते. पाच-सहा हजार खर्चायची तयारी आहे, पण फॅशन बदलली म्हणून दर पाच वर्षांनी धडधाकट बूट टाकून द्यायचे, हे जिवावर येतं. काय करू?

उत्तर: बाकी सगळं नंतर. आधी ते काळे बूट आजच खोक्यातून काढा आणि दिवसाच्या उजेडात तळ बघा. टाचेच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात रोवा. खळगा लगेच भरून आला तर ठीक. तो तसाच राहिला, बोटाला चिकट लागलं किंवा भुसा निघाला, तर समजून जा. मग बूट चवड्यापाशी दोन्ही हातांनी धरून पंधरा-वीस वेळा वाकवा. बारीक भेगा दिसल्या की तो जोड संपला, वरून कितीही चकचकीत असो.

त्या काळातल्या पुष्कळशा हलक्या फॉर्मल बुटांना पॉलियुरेथेनचा तळ असे. दुकानदार त्याला ‘पीयू सोल’ म्हणतात. हा फेस असतो, म्हणून बूट हलका लागतो आणि पायाला मऊही वाटतो. पण यातल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकाराला दमट हवा सोसत नाही. हवेतलं पाणी आत मुरतं आणि फेसातल्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातं. हे बाहेरून दिसत नाही आणि बूट घातला नाही म्हणून थांबतही नाही. रोजच्या वापरातला बूट तोवर झिजून गेलेला असतो; जपून ठेवलेला मात्र नेमका समारंभाच्या दिवशी दगा देतो. कोकणातल्या हवेत, बंद खोक्यात, एवढी वर्षं म्हटल्यावर आमची फारशी आशा नाही. हॉलच्या पायऱ्या चढताना टाच मागे राहायची आणि पुढे काळ्या चुऱ्याची रांगोळी पडत जायची. लग्नसराईत असे दोन-चार पाहुणे प्रत्येक हॉलमध्ये सापडतील.

सोल्युशन लावून हे चिकटत नाही. सोल्युशन ज्या थराला धरतं, तोच थर भुसभुशीत झालेला असतो. अख्खा तळ बदलता येतो, पण त्यासाठी वरचा भाग त्या लायकीचा हवा. तेव्हाच्या चकचकीत चोचदार बुटांत वरचं चामडं अनेकदा चामडं नसे, रेक्झिन असे, किंवा प्लॅस्टिकचा जाड थर दिलेलं दुय्यम चामडं. चवड्याच्या घडीपाशी पापुद्रे सुटायला लागले असतील तर तळावर खर्च करू नका.

थोडक्यात, मुलगा चोचदार बूट नको म्हणतोय ते बरोबरच आहे. पण त्याचं कारण वेगळं आहे, आमचं वेगळं.

आता फॅशनचं. पुरुषांच्या बुटात बदलतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: पुढचं टोक आणि तळाची जाडी. मागची टाच, नाडीची बांधणी, शिलाईची पद्धत यांत शंभर-सव्वाशे वर्षांत फार फरक पडलेला नाही. टोक मात्र लंबकासारखं हलतं. पंधराव्या शतकात युरोपात बुटांच्या चोची इतक्या लांबल्या, की १४६३ मध्ये इंग्लंडमध्ये सामान्य माणसाच्या चोचीवर दोन इंचांची मर्यादा घालणारा कायदा झाला. पुढच्या पिढीतल्या लोकांनी लगेच बदकाच्या चोचीसारखे रुंद, चपटे बूट घातले. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधली तरुण पोरं पुन्हा टोकदार बुटांकडे वळली. सत्तरच्या दशकात बेलबॉटमबरोबर जाड तळ आणि गोल टोक आलं. नव्वदच्या शेवटी चौकोनी टोक, त्यानंतरच्या दशकात लांब आणि वर वळलेली चोच. तुमचे काळे बूट याच शेवटच्या लाटेतले.

ही लाट एकटी फिरत नाही, पँटच्या बॉटमबरोबर फिरते. शिंप्याला विचारा. तेव्हा बॉटमचा घेर चौदा इंचांवर आला होता. अरुंद पायातून लांब बूट बाहेर आला की पाय लांबसडक दिसे, म्हणून चोच शोभायची. आता बॉटम परत सोळा, सतरा, तरुणांचं तर अठरा-वीस झालंय. रुंद पँटखालून चोच डोकावली की कपड्याखालून भलतंच काहीतरी बाहेर आल्यासारखं दिसतं. तुमच्या मुलाला नेमकं हेच खटकतंय, त्याला शब्दांत सांगता येत नाहीये इतकंच. तेव्हा रिसेप्शनचा सूट शिवून घेणार असाल तर बूट आधी घ्या, ते घालून शिंप्यापुढे उभे राहा आणि मगच पँटची उंची ठरवा. साडेसोळा-सतरा इंच घेर ठेवा, पँटची पुढची कड बुटाला जेमतेम टेकू द्या. कापडाचा ढीग बुटावर साचला की महागातला महाग बूटही उसना आणल्यासारखा दिसतो.

लांब चोचीत अजून एक गंमत असते. बोटं संपल्यावर पुढे तीन-चार सेंटिमीटर नुसती पोकळी. तिला आतून आधार नसतो, म्हणून काही महिन्यांत ती वर वळते. बुटाचा दोष नव्हे, आकारच तसा.

आणि तुमच्या पायाचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने देशभरात लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, भारतीय मापाची पद्धत बसवण्यासाठी. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्याकडच्या कुठल्याही गटई कारागिराने फुकट सांगितला असता: भारतीय पाय चवड्याला युरोपीय पायापेक्षा रुंद असतो. लहानपणी अनवाणी आणि पुढे चपलेत वाढलेला पाय पसरट होतो. आपल्या दुकानांतले आकडे मात्र इंग्लंडच्या मोजपट्टीचे. त्या पट्टीत एक नंबर म्हणजे लांबीत एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. तुम्ही आठवरून नऊवर गेलात तेव्हा हवी होती रुंदी आणि मिळाली मुख्यतः लांबी. त्यामुळे बूट जिथे वाकायला हवा त्याच्या पुढे वाकायला लागला, घडी बोटांवर रुतायला लागली आणि टाच मागे मोकळी पडली. तुमची तक्रार पुष्कळांची असेल. औषध नऊ नंबर नव्हे, आठच नंबर पण रुंद फर्म्यावर बांधलेला.

फर्मा म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवतात तो. एकाच कारखान्याचे दोन आठ नंबर दोन फर्म्यांवरचे असले तर एक चावेल, दुसरा बसेल. म्हणून दुकानात ‘आठ द्या’ म्हणून थांबू नका. ‘आठमध्ये वाइड फिट आहे का?’ असं विचारा. खोक्यावर नंबराशेजारी जी किंवा एच असं अक्षर असेल तर बघा. पुष्कळ कंपन्यांत एफ म्हणजे साधारण रुंदी आणि पुढचं अक्षर म्हणजे जास्त.

जाण्याआधी घरी माप काढा. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कोऱ्या कागदावर मोजे घालून सरळ उभे राहा, वजन दोन्ही पायांवर समान. पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि ती उभी धरून पायाभोवती फिरवायला सांगा. तिरकी धरली तर माप चुकतं. स्वतः वाकून काढलं तर पाय हलतो. दोन्ही पायांचं काढा. अंगठ्याचं हाड जिथे सर्वांत बाहेर येतं तिथे आणि करंगळीच्या बाजूला तसंच, खूण करा आणि ते अंतर मोजा. हा कागद कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळाखाली धरा. कागद दोन्ही बाजूंनी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त बाहेर आला तर तो बूट पायात घालायचीही गरज नाही. सेल्समन हसेल. हसू द्या.

पायात घातल्यावर तीन गोष्टी तपासा, आणि त्या उभ्यानेच, बसून नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे दहा-बारा मिलिमीटर जागा, म्हणजे अंगठ्याची रुंदी जाईल न जाईल एवढी. अंगठ्याच्या मुळाचं हाड बुटाच्या सर्वांत रुंद भागात बरोबर बसलेलं. आणि चालताना टाच वर येणं: नव्या बुटात तीन-चार मिलिमीटर चालेल, तळ मऊ झाला की थांबतं, त्याहून जास्त उचलली तर जीभेखाली चिकटवायची फोमची पट्टी मागा. ती पाय मागे ढकलते. टाचेत चिकटवायची गादी नको, ती पाय पुढे ढकलते आणि तुमचं हाड अजूनच चिरडतं. ‘घालून घालून सैल होईल’ हे वाक्य रुंदीबद्दल थोडंफार खरं आहे, लांबीबद्दल कधीच नाही.

आता प्रकार. नाडीच्या फॉर्मल बुटांत दोन घराणी, ऑक्सफर्ड आणि डर्बी. फरक कळायला नाडीच्या भोकांची जागा बघा. ज्या दोन पाकळ्यांना भोकं असतात त्या ऑक्सफर्डमध्ये पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात, म्हणून नाडी आवळली की दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि खाली जीभ दिसत नाही. डर्बीत त्याच पाकळ्या पुढच्या चामड्याच्या वर शिवलेल्या असतात, दरवाजाच्या दोन फळ्यांसारख्या उघडतात. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक समजला जातो, पण रुंद किंवा उंच पायावर त्याची फट मिटतच नाही, इंग्रजी व्हीसारखी उघडी राहते आणि ते फार वाईट दिसतं. तुम्ही डर्बीच घ्या. ही बांधणी सैनिकांची. तिच्या एका जुन्या प्रकाराला ब्ल्यूखर म्हणतात, १८१५ साली वॉटर्लूला इंग्रजांच्या मदतीला धावलेल्या प्रशियन सेनापतीच्या नावावरून. घाईत चढवता येणारा, कुठल्याही पायाला जुळवून घेणारा बूट.

बिननाडीचा लोफर तुमच्यासाठी नको. दिसायला देखणा आणि टिकाऊ फॅशन आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये बाजारात आलेला पेनी लोफर आजही जवळपास तसाच विकला जातो. पण नाडी नसल्यामुळे लोफर पायावर टिकतो तो फक्त आवळपणाने. चवडा रुंद आणि टाच बारीक असलेल्या माणसाला तो पुढे चावणार आणि मागे निसटणार. तुमचा पत्रातला अनुभव बहुधा अशाच बुटांचा असणार.

पाच-सहा हजारांत हे मागा: काळा डर्बी, टोक बदामी, म्हणजे गोलापेक्षा किंचित निमुळतं पण बोटं संपली की बूटही संपतो असं. साधा किंवा टोकावर आडवी एक शिवण असलेला. वरून चामडं आणि आतलं अस्तरही चामड्याचं; अस्तर रेक्झिनचं असेल तर फेब्रुवारीतही पायाला घाम येईल. तळ रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा), शक्यतो कडेने खरा टाका घातलेला. खरा म्हणतोय कारण बऱ्याच तळांवर टाक्यांची नुसती नक्षी साच्यातच उठवलेली असते. नखाने दोरा हलतो का बघा. हलला नाही, सगळं एकसंध लागलं, तर ती नक्षी. टाच पाऊण ते एक इंच. दोन रंगांची छटा, बाजूचं बक्कल, आरशासारखी चमक, टोकाला मारलेली गडद सावली हे सगळं टाळा. जोड लवकर जुना दिसतो तो या गोष्टींमुळे, आणि दुकानात डोळ्यांत भरतात त्याही याच.

जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरच्यांवर १८. त्यामुळे अडीच हजारांच्या आतबाहेरचे दोन जोड तुलनेला घेताना किमतीतला सगळा फरक दर्जाचा समजू नका.

पण थांबा. हे सगळं खरेदी करण्याआधी तुमचे १९९५ चे ब्राऊन बघायला हवेत, कारण आमचा जीव त्यांच्यात जास्त आहे.

जीभेची वरची कड बघा, तिथे कापलेलं चामडं उघडं असतं. कडेत तंतू दिसले, मांसाच्या रेषांसारखे, तर चामडं. कापडाची जाळी आणि वर पातळ साय दिसली तर रेक्झिन. मग चवड्याच्या घडीवर बोट फिरवा. सुरकुत्या कितीही असोत, हरकत नाही. सुरकुतीत आरपार चीर असेल तर उपाय नाही. आतून सुखतळा उचलून बघा, खाली टाके दिसतात का. टाके असले, आतून किंवा बाहेरच्या कडेला, तर हा बूट पुन्हा तळ बसवण्यासाठीच बांधलेला आहे.

चाचणीत उतरला तर क्रम असा. पांढरी बुरशी असेल तर घराबाहेर नेऊन पुसा, आत झटकलीत तर बाकीच्या चपलांवर बसेल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं घट्ट पिळून, एकदा पुसायचं आणि दोन दिवस सावलीत, वाऱ्याला. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. चामड्यातलं तेल उडतं आणि ते पापडासारखं होतं. नंतर रंगहीन लेदर क्रीम, एका बुटाला वाटाण्याएवढं, बोटाला फडकं गुंडाळून गोल गोल चोळत. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. कोरडं चामडं पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून लोक एकदम खूप थापतात. मग ते चिकट होतं, धूळ धरतं. शेवटी ब्रश. डबीतलं मेणाचं पॉलिश फक्त टोकाला आणि टाचेला, घडीवर नाही. घडीवर मेण तडकतं आणि पांढऱ्या रेषा येतात, मग माणसं त्यावर अजून पॉलिश लावतात.

त्यानंतर रुंदी वाढवून घ्या. तीस वर्षांत तुमचा पाय पसरलेला असणार. बूट ताणायचा लाकडी साचा चांगल्या कारागिराकडे असतो. हाडाच्या जागेपुरतं चामडं फुगवायला एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला कडी असलेला चिमटाही मिळतो. दोन दिवस ठेवून तीन-चार मिलिमीटर मिळतात. हे काम तळ बसवण्याआधी करा, नंतर ताणलंत तर नव्या शिलाईवर ओढ येते.

मग तळ. कारागिराला स्पष्ट सांगा: चार-पाच मिलिमीटर जाडीचा रबरी तळ, नुसता सोल्युशनवर नको, टाका घालून; टाचा दोन्ही बदला, एकच नको, नाहीतर चाल तिरकी होते. जुना तळ तासून काढल्याशिवाय त्यावर नवा थर चिकटवू देऊ नका. मजुरी आधी ठरवा आणि हातात निदान पंधरा दिवस ठेवा, लग्नसराईत कारागीरही गर्दीत असतो.

हा जोड उभा राहिला तर निळ्या किंवा करड्या सुटावर रिसेप्शनला तोच घाला. १९९५ चा साधा, नाडीचा ब्राऊन बूट आज जुना दिसत नाही, कारण तो तेव्हाही फार नवा दिसत नव्हता. सूट काळा असेल तरच काळे बूट घ्यावे लागतील. काळ्यावर ब्राऊन विस्कळीत दिसतो. पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंतचे. स्टेजवरच्या सोफ्यावर बसल्यावर आखूड मोज्याच्या वर केसाळ नडगी दिसते, आणि फोटोग्राफर नेमका तेव्हाच खाली बसलेला असतो.

एक गोष्ट तुम्ही आणि मुलगा दोघेही विसरलात. सकाळच्या विधींना तुम्ही मुलीचे वडील. कन्यादानाला अनवाणीच बसणार, दहा वेळा मांडवात जा-ये, दहा वेळा बूट काढा-घाला. सकाळी नाडीचे बूट मुळीच नकोत. धोतर असो की झब्बा, खाली कोल्हापुरी घ्या.

तीही आत्ताच घ्या, लग्नाच्या आदल्या आठवड्यात नव्हे. नवी कोल्हापुरी तीन आठवडे चावते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं सुरुवातीला लाकडासारखं असतं आणि हळूहळू तुमच्या पावलाचा ठसा घेतं. अंगठ्याच्या वादीची आणि मधल्या पट्ट्याची आतली बाजू खोबरेल तेलाच्या दोन थेंबांनी चोळा, रात्रभर ठेवा, मग रोज अर्धा तास घरात. तळाला तेल नको, फरशीवर घसराल. पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, थर सुटतात. तुमच्या हाडासाठी अंगठ्याच्या बाजूचा पट्टा रुंद आणि सैल असलेली बघा. अस्सल जोडात थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळे नसतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या कारागिरांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर पुरुषांच्या पायात जवळपास हीच चप्पल घातली, आधी कोल्हापूरचं नाव न घेता; ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. म्हणजे मुलाने ‘आउटडेटेड’ म्हटलंच तर उत्तर तयार आहे.

राहिले स्नीकर्स. मुलाच्या पायात ते चुकीचे नाहीत. अटी एवढ्याच: चामड्याचे, कोरे पांढरे, पातळ तळाचे, मोठा लोगो नसलेले आणि खरोखर स्वच्छ. टाय नसावा. २०१७ च्या सुमाराला आलेले उशीएवढ्या तळाचे बूट सुटाखाली घातले तर त्याच्याही फोटोत साल दिसेल, फक्त दुसरं. तुमच्या पायात मात्र टायसूटखाली ते नकोत. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक शर्ट-पँटवर आदिदासचे ‘सांबा’ स्नीकर्स घालून मुलाखतीला बसले आणि एवढी चेष्टा झाली, की त्यांनी सांबा घालणाऱ्यांची गमतीने जाहीर माफी मागितली. सांबा पन्नास वर्षांहून जुने, बिचाऱ्या बुटांचा काही दोष नव्हता. तरुणांची चीज मोठ्या माणसाने उचलली की तरुणांच्या दृष्टीने ती तिथेच संपते. मुलाला हे सांगू नका, तो स्वतःच तुमच्यासाठी जोड निवडायला निघालाय, त्याचं मन मोडेल. हळदीला झब्ब्यावर ते घाला, डाग पडले तर त्याच्या जबाबदारीवर.

नवे घ्या की जुने उभे करा, रिसेप्शनआधी आठ-दहा दिवस रोज अर्धा तास घरात मोजे घालून चाला. हाडाला टोचत असेल तर उजव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा ओवा: अंगठ्याजवळचं सर्वांत खालचं आतल्या बाजूचं भोक मोकळं सोडायचं. तिथला ताण जातो, वरून कुणाला कळत नाही. दुखणं चालतानाच नव्हे तर रात्री झोपेतही होत असेल किंवा मधुमेह असेल तर बुटाआधी डॉक्टरांना पाय दाखवा. नव्या तळावर खरखरीत सँडपेपर चार-पाच वेळा फिरवा; लग्नाच्या हॉलच्या लादीवर गुळगुळीत रबर घसरतं, आणि तुमच्या हातात तेव्हा बहुधा कुणाच्या तरी आजींचा हात असेल.

समारंभ झाल्यावर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. एक दिवस उघड्यावर, आत वर्तमानपत्राचे बोळे. दुसऱ्या दिवशी बोळे बदला. नंतर सुती पिशवीत, कपाटाच्या खालच्या नव्हे तर मधल्या कप्प्यात, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून घरातच घालून फिरा. चिपळूणच्या जुलैत चामड्यावर बुरशी यायला पंधरवडा पुरतो. काळे चोचदार कुणाला देऊन टाकायचा विचार असेल तर नखाची चाचणी करूनच द्या. नापास झाले तर तो बूट दुसऱ्याच्या लग्नात फुटेल. खोकं मात्र ठेवा, नाड्या, ब्रश आणि क्रीमची डबी ठेवायला बरं पडतं.